पहारेकऱ्याचे वेतन

मराठी इतिहासाच्या वाचकाला ‘तैनाती फौज’ हे शब्द परके नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे ईस्ट इंडिया कंपनीशी जो तह केला, त्यान्वये कंपनीचे किमान ६,००० कवायती पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायमचे राहावयाचे होते आणि त्याच्या खर्चापोटी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा प्रदेश पेशव्यांनी तोडून द्यावयाचा होता. फौज पेशव्यांच्या रक्षणासाठी आहे, असे तहाच्या कागदावर लिहिलेले होते. त्यानंतर सोळा वर्षे पुरी होण्याच्या आत पेशवाईच अस्तास गेली. रक्षण करणारा उरला. ज्याचे रक्षण करावयाचे, तो मात्र बिठूरला पेन्शन खात बसला.

या आठवणीमुळे आपल्याकडील वाचक वृत्तपत्रातील एका विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. अमेरिकेने युरोपातील मित्रराष्ट्रांना ‘तुमच्या संरक्षणाचा खर्च तुम्ही करा, नाहीतर आमचे सैन्य आम्ही परत नेऊ’ असे बजावल्याच्या बातम्या गेली कित्येक वर्षे येत आहेत. जणू हे भांडण कालपरवाच उद्भवले आणि एखाद्या अध्यक्षाच्या स्वभावातून उद्भवले, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. उत्तर अटलांटिक करार संघटना, म्हणजेच ‘नाटो’, जितकी जुनी तितकेच हे भांडणही जुने आहे. पहारेकऱ्याचे वेतन कोणी द्यावे आणि पहारा केव्हा उठवावा, या दोन प्रश्नांचा हा इतिहास आहे. तो थोडक्यात वाचकांपुढे ठेवावा आणि त्यातून काय बोध होतो ते पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

दहा वर्षांचा मुक्काम

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी नाटोच्या करारावर सह्या केल्या. एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, हे त्यातील पाचवे कलम सर्वश्रुत आहे. त्याच कराराचे तिसरे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्रत्येक राष्ट्राने स्वतःची व परस्परांची प्रतिकारशक्ती जोपासावी, असे ते सांगते. ती किती जोपासावी, उत्पन्नाचा कितवा हिस्सा त्यावर खर्च करावा, याविषयी करारात एक अक्षरही नाही. वादाचे बीज या मौनातच पेरले गेले.

त्या वेळी अमेरिकेचे सैन्य जर्मनीत होते खरे. परंतु ते पराभूत देशावर ताबा ठेवण्यासाठी राहिलेले सैन्य होते. कराराची छाननी चालू असताना सिनेटच्या समितीपुढे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांना विचारण्यात आले की, या करारामुळे आपल्याला युरोपात कायमस्वरूपी मोठे सैन्य धाडावे लागेल काय? अ‍ॅचेसन यांनी त्यास निःसंदिग्ध नकारार्थी उत्तर दिले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. जे आशियात घडले ते उद्या जर्मनीत घडेल, या भयाने युरोप हादरला. अध्यक्ष ट्रुमन यांनी जनरल आयझेनहॉवर यांना नाटोचे सरसेनापती नेमले आणि अमेरिकेच्या आणखी चार डिव्हिजन युरोपात पाठविण्याचे ठरविले. सिनेटमध्ये त्यावर तीन महिने वाद झाला. सिनेटर टॅफ्ट आणि माजी अध्यक्ष हूवर यांनी विरोध केला. अखेरीस एप्रिल १९५१ मध्ये सिनेटने चार डिव्हिजनना संमती दिली.

खुद्द आयझेनहॉवर यांची याविषयी काय भावना होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फेब्रुवारी १९५१ मध्ये एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते की, दहा वर्षांत हे सारे सैन्य मायदेशी परतले नाही, तर हा संपूर्ण उपक्रम फसला असेच समजावे लागेल. दहा वर्षे लोटली. तेव्हा ते स्वतः अमेरिकेचे अध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते, आणि १९६२ च्या सुमारास युरोपातील अमेरिकन सैनिकांची संख्या चार लक्षांच्या वर गेली होती. तात्पुरता म्हणून टाकलेला मुक्काम असा वाढत गेला.

हिशेबाची वही

मुक्काम वाढण्याचे एक कारण पैशातच होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये लिस्बन येथे नाटोच्या सभासदांनी ठरविले की, दोन वर्षांत शंभरच्या जवळपास डिव्हिजन उभ्या करावयाच्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेली नगरे बांधावयाची, कारखाने चालू करावयाचे, विधवांना व अपंगांना निवृत्तिवेतन द्यावयाचे, आणि वर एवढे सैन्य पोसावयाचे, हे कोणत्याच युरोपीय देशाला झेपणारे नव्हते. लिस्बनचे आकडे कागदावरच राहिले. त्यांची जागा अण्वस्त्रांनी घेतली. सैनिकांपेक्षा बाँब स्वस्त पडतो, हा त्यामागील रोकडा हिशेब होता.

तीस वर्षांनी हाच हिशेब अमेरिकेतील कॅथॉलिक धर्मगुरूंपुढे आला. मे १९८३ मध्ये तेथील बिशपांच्या परिषदेने युद्ध आणि शांती या विषयावर जे प्रदीर्घ पत्र प्रसिद्ध केले, त्यात अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय ठरणार नाही, असे प्रतिपादन होते. नाटोची सारी भिस्त तर त्याच शक्यतेवर होती. बिशपांनी ही अडचण टाळली नाही. अण्वस्त्रांवरील विसंबणे कमी करावयाचे तर कदाचित साध्या सैन्यावर थोडा अधिक खर्च करावा लागेल, आणि अणुयुद्धाचा संभव त्यामुळे घटणार असेल तर ती किंमत अवाजवी म्हणता येणार नाही, असे त्यांनी लिहिले. शस्त्रांवरील खर्च म्हणजे निव्वळ पाप आणि काटकसर म्हणजे निव्वळ पुण्य, एवढे हे गणित सोपे नाही, हे त्यांच्या विवेचनातून दिसून येते.

१९६० नंतर पश्चिम जर्मनी सधन झाला आणि वहीतील नोंदी बदलल्या. अमेरिकन सैनिक जर्मनीत डॉलर खर्च करीत. ते डॉलर जर्मनीच्या तिजोरीत साठत आणि त्यांच्या मोबदल्यात अमेरिकेचे सोने मागितले जाण्याचे भय वॉशिंग्टनला वाटे. म्हणून १९६१ साली करार झाला की, सैनिकांपायी जेवढे डॉलर बाहेर जातील तेवढ्यांची शस्त्रखरेदी जर्मनीने अमेरिकेकडून करावी. पाच वर्षांनी जर्मनीचा अर्थसंकल्प तुटीत आला. सप्टेंबर १९६६ मध्ये चॅन्सलर लुडविग एरहार्ट वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी हप्त्यात सवलत मागितली. अध्यक्ष जॉन्सन बधले नाहीत. एरहार्ट रिकाम्या हातांनी परतले. आधीच डळमळीत झालेले त्यांचे सरकार अंदाजपत्रकाच्या प्रश्नावर फुटले आणि डिसेंबरच्या प्रारंभी त्यांच्या जागी कीसिंगर आले. सरकार पडण्याला इतरही कारणे होती. तरीसुद्धा पहारेकऱ्याने वेतनाचा तगादा लावावा आणि घरधन्याचे आसन डळमळावे, हे दृश्य मित्रराष्ट्रांच्या इतिहासात भूषणावह नव्हे. पुढे १९६७ साली तडजोड झाली. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने डॉलरच्या बदल्यात सोने न मागण्याचे लेखी आश्वासन दिले, आणि अमेरिकेने काही सैन्य मायदेशी नेऊन गरज पडताच परत आणण्याची योजना आखली.

मॉन्टानाचे सिनेटर

या सुमारास सैन्यवापसीची मागणी ज्यांनी सर्वांत चिकाटीने लावून धरली, ते माईक मॅन्सफिल्ड कोणी युद्धखोर किंवा आपमतलबी पुढारी नव्हते. आयर्लंडहून आलेल्या कॅथॉलिक कुटुंबात १९०३ साली त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात त्यांनी आरमारात, भूसेनेत आणि मरीन दलात अशा तिन्ही ठिकाणी चाकरी केली, मॉन्टानाच्या तांब्याच्या खाणीत मजुरी केली, आणि मग शिकून ते इतिहासाचे प्राध्यापक झाले. १९६१ पासून १९७७ पर्यंत ते सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते. मितभाषी म्हणून त्यांची ख्याती होती.

ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांनी पहिला ठराव मांडला आणि नंतर जवळजवळ दरवर्षी मांडीत राहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते. युद्ध संपून वीस वर्षे उलटली, युरोप पुन्हा श्रीमंत झाला. मग त्याच्या दाराशी आमची मुले किती काळ उभी राहावयाची? तिकडे व्हिएतनाममधून शवपेट्या येत होत्या आणि खजिना रिता होत होता. मे १९७१ मध्ये त्यांनी सक्तीच्या सैन्यभरतीच्या विधेयकाला दुरुस्ती सुचविली की, युरोपातील तीन लक्ष सैनिकांपैकी निम्मे त्या वर्षअखेर परत आणावेत. निक्सन सरकार गडबडले. बावीस वर्षांपूर्वी ‘कायमचे सैन्य धाडणार नाही’ असे सांगणारे वृद्ध अ‍ॅचेसनच आता सैन्य तेथेच ठेवावे म्हणून पुढे आले. याच आठवड्यात तिबिलिसी येथील भाषणात सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी उभयपक्षी सैन्यकपातीच्या वाटाघाटींची तयारी दर्शविली. वाटाघाटी होणार असतील तर आधीच एकतर्फी माघार कशासाठी, असा युक्तिवाद सरकारला आयताच मिळाला. १९ मे रोजी दुरुस्ती ६१ विरुद्ध ३६ मतांनी फेटाळली गेली. तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, निक्सन यांना डॉलरच्या मोबदल्यात सोने देणेच बंद करावे लागले. मॅन्सफिल्ड यांनी दाखविलेले दुखणे खोटे नव्हते, एवढे त्यावरून कळून आले.

त्या वाटाघाटी १९७३ साली व्हिएन्नात सुरू झाल्या आणि १९८९ पर्यंत चालल्या. पंधरा वर्षांत एकाही सैनिकाच्या परतीचा करार त्यातून झाला नाही. १९८४ साली सिनेटर सॅम नन यांनी पुन्हा एक दुरुस्ती मांडली. संरक्षणखर्चात दरसाल तीन टक्के खरी वाढ करण्याचे जे वचन मित्रराष्ट्रांनी १९७७-७८ साली दिले होते, ते त्यांनी पाळले नाही तर ९०,००० पर्यंत सैनिक टप्प्याटप्प्याने परत आणावेत, असे तिचे स्वरूप होते. तीही ५५ विरुद्ध ४१ अशी पराभूत झाली. नन यांना सैन्य परत आणावयाचे नव्हतेच. युरोपला धाक दाखवावयाचा होता. पैशासाठी सैन्य परत नेण्याची भाषा पुनःपुन्हा झाली, आणि मोठी वापसी मात्र पैशासाठी एकदाही झाली नाही.

‘निघा’ म्हणण्याचा अधिकार

मग ती केव्हा झाली? त्याचे पहिले उत्तर फ्रान्सने दिले. ७ मार्च १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी जॉन्सन यांना पत्र लिहून कळविले की, फ्रान्स करारात राहील, पण नाटोच्या संयुक्त सेनापतित्वाखाली राहणार नाही आणि फ्रान्सच्या भूमीवर परकी सैन्यही राहणार नाही. एप्रिल १९६७ पर्यंतची मुदत देण्यात आली. अमेरिकेला संताप आला. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी द गॉल यांना विचारले की, फ्रान्सच्या मुक्ततेसाठी मरून येथील दफनभूमीत विसावलेले आमचे सैनिकही या आज्ञेत मोडतात काय? प्रश्न झोंबणारा होता. परंतु झोंबणारा प्रश्न विचारून अमेरिका थांबली. तळ आवरले गेले, कोठारे रिकामी झाली, आणि नाटोचे सेनामुख्यालय मुदतीच्या आत पॅरिसजवळून बेल्जममध्ये मॉन्सजवळ गेले. एकही गोळी सुटली नाही. फ्रान्स नाटोचा सभासद राहिला आणि २००९ साली संयुक्त सेनापतित्वातही स्वेच्छेने परतला.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहू. दहा वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांनी आपला देश वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचे घोषित केले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. हजारो नागरिक मारले गेले आणि १९५८ साली नॉज यांना फाशी देण्यात आले. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या वाट्याला तेच आले. तेथे घुसलेल्या सैन्यासाठी ऑक्टोबरमध्ये जो करार लिहवून घेण्यात आला, त्यात सैन्याचा मुक्काम ‘तात्पुरता’ असल्याचे म्हटले होते. तो तात्पुरता मुक्काम १९९१ च्या जूनपर्यंत टिकला.

आमच्या मते दोन संघटनांमधील खरा भेद येथे आहे. शस्त्रे दोहोंकडे होती, परक्या भूमीवरील छावण्या दोहोंकडे होत्या आणि संरक्षणाची भाषाही दोहोंकडे होती. एकीकडे यजमान ‘निघा’ म्हणू शकत होता. दुसरीकडे म्हणू शकत नव्हता. वसईच्या तहानंतर पेशव्यांनाही ते म्हणता येण्याजोगे उरले नव्हते. परक्या सैन्याचा खर्च कोण करतो, यावरून मैत्री आणि दास्य यांची पारख होत नाही. बाजीरावाने तर पै न् पै चुकती केली होती.

टक्केवारी काय सांगत नाही

राष्ट्रीय उत्पन्नाचा अमुक टक्के भाग संरक्षणावर खर्च करणारा तो निष्ठावंत, न करणारा तो ऐतखाऊ, हे माप सोयीचे आहे. पण ते पुरेसे नाही. याचे एक उदाहरण गोव्याच्या इतिहासाशी निगडित आहे. सालाझार यांचा पोर्तुगाल हा नाटोच्या बारा संस्थापकांपैकी एक. अझोर्स बेटांवरील विमानतळाची अमेरिकेला गरज होती, म्हणून तेथील हुकूमशाहीकडे काणाडोळा करण्यात आला. आपल्या समुद्रापारच्या वसाहतींनाही नाटोचे छत्र लाभावे, ही लिस्बनची आकांक्षा होती. परंतु कराराच्या सहाव्या कलमाने संरक्षणाचे क्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक बेटे यांपुरते मर्यादित केले होते. गोवा त्यात बसत नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा पाश्चात्त्य राष्ट्रांनी सुरक्षा परिषदेत भारताचा निषेध करणारा ठराव मांडला आणि रशियाने तो नकाराधिकाराने अडविला. मात्र नाटोचा एकही सैनिक किंवा जहाज मदतीस आले नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझार यांचा हुकूम असतानाही गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि गोमंतकातील गावे व देवळे-चर्चे वाचविली.

त्याच वर्षी अँगोलात बंड झाले. पुढे गिनी व मोझांबिक पेटले. तेरा वर्षे पोर्तुगालने आफ्रिकेत युद्ध चालविले, तरुणांना वर्षानुवर्षे सक्तीने लष्करात ठेवले आणि आठ हजारांहून अधिक सैनिक गमावले. या काळात उत्पन्नाच्या प्रमाणात पोर्तुगालचा लष्करी खर्च बहुतेक युरोपीय मित्रराष्ट्रांहून कितीतरी अधिक होता. टक्केवारी पाहिली तर पोर्तुगाल हा नाटोचा आदर्श सभासद ठरावा! प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग युरोपच्या रक्षणाशी संबंध नसलेल्या, अन्याय्य युद्धात जात होता. शेवटी त्या सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी राजवट उलथली, आफ्रिकेतील फौजा परत आल्या आणि गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्वही त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने मान्य केले.

उलट बाजूचे उदाहरण डेन्मार्कचे. नाटोच्या पाचव्या कलमाचा अवलंब आजवर एकदाच झाला आहे: १२ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेवरील हल्ल्यानंतर, अमेरिकेच्या साहाय्यासाठी. ज्याच्या भरवशावर युरोप इतकी वर्षे झोपला असे म्हटले जाई, त्याच्या हाकेला युरोप धावून गेला. डेन्मार्कचा संरक्षणखर्च तेव्हा दीड टक्क्याच्या आतबाहेर होता. परंतु त्या चिमुकल्या देशाने अफगाणिस्तानात चाळीसहून अधिक सैनिक गमावले. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे. कोपनहेगनच्या मातांनी दिलेली ही वर्गणी कोणत्या रकान्यात मांडावयाची?

भीती ओसरली तेव्हा

सैन्ये खऱ्या अर्थाने परतली ती १९८८ नंतर. त्या वर्षी ७ डिसेंबरला मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एकतर्फी पाच लक्ष सैनिकांची कपात जाहीर केली आणि पूर्व युरोपातून सहा रणगाडा डिव्हिजन काढून घेण्याचे वचन दिले. पंधरा वर्षांच्या वाटाघाटींना जे साधले नव्हते, ते भय ओसरताच एका भाषणाने सुरू झाले. १९९१ च्या जूनमध्ये हंगेरी व चेकोस्लोव्हाकिया मोकळे झाले आणि १ जुलैला वॉर्सा करारच विसर्जित झाला. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी बर्लिनमध्ये शेवटच्या रशियन तुकड्यांना निरोप देण्यात आला.

या निरोपाचेही बिल होते. १९९० च्या करारानुसार सोव्हिएत सैन्याच्या परतीसाठी जर्मनीने १२ अब्ज मार्क रोख आणि ३ अब्ज मार्क बिनव्याजी कर्ज दिले. त्यातील मोठा वाटा परतणाऱ्या सैनिकांसाठी घरे बांधण्यास होता, कारण विजयी म्हणून गेलेल्या त्या सैन्याला मायदेशी राहावयास छप्पर नव्हते. सैन्य राहावे म्हणून अमेरिकेला पैसे देणारा आणि सैन्य जावे म्हणून रशियाला पैसे देणारा देश एकच होता. अमेरिकेनेही युरोपातील आपले तीन लक्षांहून अधिक असलेले सैन्य काही वर्षांतच एक लक्षाच्या आसपास आणले. मॅन्सफिल्ड यांच्या दुरुस्तीने जे मागितले होते त्याहून ही कपात मोठी होती. ती पाहावयास ते हयात होते.

भीती गेली तसा खर्चही गेला. जर्मनीचा संरक्षणखर्च १९९० च्या सुमारास सकल उत्पादनाच्या सुमारे अडीच टक्के होता. २०१४ साली तो सव्वा टक्क्याच्याही खाली आला होता. त्या वर्षी रशियाने क्रिमिया गिळंकृत केल्यावर वेल्समधील बैठकीत सभासदांनी दहा वर्षांत दोन टक्क्यांकडे जाण्याचे ठरविले. तेव्हा अठ्ठावीसपैकी केवळ तीन देश ती पातळी गाठीत होते. २०२० साली अध्यक्ष ट्रम्प यांनी, जर्मनी पुरेसा खर्च करीत नाही या कारणास्तव, तेथील सुमारे १२,००० सैनिक हलविण्याचा आदेश दिला. २०२१ साली त्यांच्या उत्तराधिकाऱ्याने तो थांबविला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. वर्षानुवर्षांच्या अमेरिकन तगाद्याने जे झाले नव्हते ते तीन दिवसांत झाले: जर्मनीने आपल्या सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा विशेष निधी जाहीर केला. २०२४ पर्यंत बत्तीसपैकी वीसहून अधिक देश दोन टक्क्यांवर पोचले. जून २०२५ मध्ये हेग येथे ठरले की, २०३५ पर्यंत पाच टक्के गाठावयाचे: साडेतीन टक्के प्रत्यक्ष संरक्षणावर व दीड टक्का रस्ते, पूल आदी संबंधित कामांवर. आणि २०२५ च्या अखेरीस एक चमत्कारिक उलटापालट दिसली. सरकार रुमानियातील काही सैन्य परत नेत असताना अमेरिकेच्या काँग्रेसने युरोपातील सैनिकांची संख्या दीर्घकाळ ७६,००० च्या खाली नेण्यावर कायद्याने अटी घातल्या. १९७१ साली काँग्रेस सैन्य परत मागत होती आणि अध्यक्ष अडवीत होते. आता भूमिका नेमक्या उलट झाल्या.

कोणाच्या ताटातून?

या साऱ्या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, तक्रार करणारा पहारेकरी सर्वस्वी चूक नव्हता. श्रीमंत झाल्यावरही शेजाऱ्याच्या खर्चाने निश्चिंत झोपणे हे मैत्रीला शोभणारे नाही, आणि मॅन्सफिल्ड यांच्यासारख्या सज्जनाने ते बोलून दाखविले यात गैर काही नव्हते. दुसरी अशी की, परक्या भूमीवर उभा असलेला सैनिक हा केवळ खर्चाचा आकडा नसतो. तो दिलेल्या शब्दाचा तारण म्हणून तेथे असतो. हप्ता थकला म्हणून शब्द मागे घेता येत असेल, तर तो शब्द राहत नाही, दुकानातील उधारी होते. अशा उधारीवर लिथुआनिया किंवा एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाने आपली मुलेबाळे कशी सोपवावीत? लिथुआनियाने आज जर्मनीच्या एका ब्रिगेडला कायमचा मुक्काम देऊ केला आहे आणि तिच्यासाठी बराकी बांधण्याचा भार स्वतः उचलला आहे. ऐंशी वर्षांपूर्वी ज्यांचे सैन्य तेथे अत्याचारी म्हणून वावरले, त्यांनाच तो देश आज आमंत्रण देऊन बोलावतो. हे आमंत्रण आहे, आणि ते मागे घेण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणून त्याची गणना आम्ही तैनाती फौजेत करणार नाही.

परंतु एक प्रश्न मात्र उरतो. वाढीव वेतन येणार कोठून? फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संरक्षणखर्च अडीच टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली, तेव्हा त्याची तरतूद कशातून होणार हेही सांगितले. गरीब देशांना दिले जाणारे साहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यावरून २०२७ पर्यंत तीन दशांश टक्क्यांवर आणले जाणार आहे. म्हणजे पहारा लंडन आणि बर्लिनचा, वेतन मागणारे वॉशिंग्टन, आणि ताट ज्याच्या पुढून सरकले तो आफ्रिकेतील एखाद्या खेड्यातला, लसीची वाट पाहणारा मूल. त्याला या करारावर सही करावयास कोणी बोलावले नव्हते. त्याला कोणते कलमही लागू नाही.

पहारा आवश्यक आहे, हे युक्रेनच्या भाजलेल्या गावांकडे पाहून कोणीही नाकारणार नाही. तो स्वखर्चाने करावा, हेही न्याय्य आहे. मात्र ‘स्व’ या शब्दाचा अर्थ स्वतःचाच खिसा असा व्हावयास हवा. सधन राष्ट्रांनी आपल्या सुरक्षिततेचे मोल आपल्या चैनीतून द्यावे की दुसऱ्याच्या औषधातून, हा प्रश्न हेगच्या बैठकीत कोणत्याही टक्केवारीने सुटलेला नाही. पुढील दहा वर्षांत जेव्हा जेव्हा त्या पाच टक्क्यांचा हिशेब मांडला जाईल, तेव्हा वजाबाकी कोणाच्या नावे पडली तेवढे आपण वाचकांनी शोधून पाहावे.